एकतीस ठिपक्यांचा चेहरा

आमच्या भाऊजींना सगळा बाजार ‘ठिपके’ म्हणतो. नवीन गिऱ्हाइकाला ते आडनावच वाटतं आणि लग्नाच्या पत्रिकांवर तसं लिहूनही येतं. भाऊजी ती पत्रिका माझ्या बहिणीपुढे धरून म्हणतात, "चला, सौभाग्यवती ठिपके, सहकुटुंब बोलावलंय." ताई गेली तीस वर्षं या विनोदावर तोंड वाकडं करते आणि तरी दर वेळी पत्रिका जपून ठेवते.

नाव पडलं ते त्यांच्या धंद्यावरून. कुणी फोनमधला फोटो आणायचा आणि म्हणायचा, याचा दरवाजाएवढा पोस्टर करून द्या. भाऊजी तो फोटो आधी स्क्रीनवर ताणून दाखवायचे. "मोजा, या नाकात ठिपके किती? चार. चार ठिपक्यांचं नाक हातभर ताणलं तर नाक राहील का? चार फरश्या होतील." गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, पण फोनवर तर झकास दिसतोय. त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं होतं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकलं. माझा संसार मोडला तेव्हा ताईने मला घरात घेतलं आणि भाऊजींनी दुकानात. दुकान म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्यांचा स्क्रीन, मागच्या खोलीत छपाईचं मोठं मशीन आणि मशीनपाशी मी. शाईच्या वासाने पहिले सहा महिने डोकं उठायचं, नंतर सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं व्हायला लागलं. मी तोंडाची फटकळ, भाऊजी मितभाषी, त्यामुळे गिऱ्हाइकांशी भांडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला ते आवडायचंही.

त्यांची काम करायची रीत बघून कुणालाही चीड आली असती. फोटो एका दमात मोठा करायचा नाही. एक दशांश वाढवायचा, थांबायचं, चष्मा कपाळावर सरकवून बघायचं, मग पुन्हा एक दशांश. कडा फाटायला लागल्या की त्यावर बारीक रवाळपणा सोडायचा, म्हणजे डोळ्याला चौकोन खुपत नाहीत. मग चेहऱ्याची एक हातभर पट्टी छापून समोरच्या भिंतीला लावायची आणि दहा पावलं मागे जाऊन चहा पीत तिच्याकडे बघत बसायचं. पोस्टर लांबून बघायचं असतं, जवळून बघायला आरसा आहे, असं म्हणायचे. एवढं करून चेहरा पुसटच राहिला तर पुसटच द्यायचे. फोटोत नाही ते आणायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पुसट चालेल, खोटं चालणार नाही.

या नियमापायी आमची किती गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली याची गणती नाही. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो आला, ते नुकतेच वारले होते. एकच चांगला फोटो होता आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. मुलं म्हणाली, डोळे उघडून द्या. भाऊजी म्हणाले, "मिटले होते ना? मग मिटलेलेच." मुलं रागावून समोर गेली. समोरच्याने कुणाचे तरी डोळे आणून बसवले. आठ दिवसांनी त्या गृहस्थांची बायको आमच्याकडे आली आणि म्हणाली, मिटलेलेच करून द्या हो, हा माणूस भिंतीवरून माझ्याकडे घरमालकासारखा बघतो. त्या दिवशी मला भाऊजींचा अभिमान वाटला. पण अभिमानाने दुकान चालत नाही, असंही मी त्यांना त्याच दिवशी ऐकवलं.

शेवटी तो नवा प्रोग्रॅम मीच आणला आणि मीच शिकले. त्याला कितीही बारका चेहरा द्या, तो लाखो दुसरे चेहरे बघून शिकलेला असतो, त्यातून पापण्या आणतो, भुवयांचे केस आणतो, ओठांवरच्या रेषा आणतो. चाळीस सेकंदांत. भाऊजींनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "हा मोठं करत नाही, हा अंदाज करतो. फुलांना, डोंगरांना वापर. माणसांना नको." मी मनात म्हटलं, उंटावरचे शहाणे.

त्यानंतर महिन्याभरात ती बाई आली. पंचावन्नच्या आसपासची, शिंप्यांकडून काम आणून घरी काजं-बटणं करणारी. बोटांच्या टोकांना सुयांची बारीक भोकं. हातातल्या पिशवीत एक फोन आणि एक घडी घातलेला कागद. मी तिला मावशी म्हणायला लागले, भाऊजी बाई म्हणायचे. तिचा मुलगा पाच दिवस घरी आला नव्हता. सत्तावीस वर्षांचा, गोदामात खोकी बांधायच्या कामाला. सकाळी डबा घेऊन गेला, गोदामात पोचलाच नाही. चौकीवर नोंद झाली होती, पण तिथला माणूस म्हणाला होता की फोटो लावा, आम्ही किती ठिकाणी बघणार.

फोटोचाच तर प्रश्न होता. लहानपणी पायरीवर पडून मुलाचा पुढचा दात अर्धा तुटला होता, तेव्हापासून तो फोटो काढूच देत नसे. ओळखपत्र त्याच्याजवळ होतं आणि घरी होती त्याची झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात चेहऱ्याच्या जागी नुसता बुक्का होता. फोनमध्ये एकच फोटो मिळाला. गोदामातली सगळी मंडळी सहलीला गेली तेव्हाचा, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा. तोही या फोनवरून त्या फोनवर जाऊन जाऊन झिजलेला. भाऊजींनी चेहरा ताणला, आणि सवयीने मोजला. कानापासून कानापर्यंत एकतीस ठिपके.

"बाई," भाऊजी म्हणाले, "याच्यातून चेहरा निघणार नाही. आपण असं करू. हा फोटो आहे तसा लहान लावू, त्याच्याभोवती गोल काढू. आणि मोठ्या अक्षरांत लिहू. उंची किती, शर्ट कुठला, अंगावर काही खूण आहे का?"

"उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे," ती म्हणाली. "एवढा. आणि दात. आणि चालताना डावा पाय जरा ओढतो."

"मग झालं की. हे मोठ्या अक्षरांत लिहू. लोक वाचतील."

"भाऊ, लोक वाचत नाहीत," ती म्हणाली. "लोक बघतात."

मला तर तिचंच पटलं. रस्त्याने जाणारा माणूस थांबून उंची-बिंची कशाला वाचेल? भाऊजी म्हणाले, उद्या दुपारी या, मी प्रयत्न करतो. ती गेल्यावर बराच वेळ ते नुसते स्क्रीनपुढे बसून होते, एक दशांश वाढवायचे आणि परत मागे यायचे.

दुसऱ्या दिवशी ते एका दुकानाची पाटी बसवायला गेले आणि मी एकटी होते. आता जे सांगते ते नीट सांगते, कारण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी त्यांच्या स्क्रीनपुढे बसले, तो चेहरा प्रोग्रॅमला दिला आणि बटण दाबलं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. त्या बाईचा जीव टांगणीला लागलाय आणि हे ठिपके मोजत बसलेत, एवढंच डोक्यात होतं. चाळीस सेकंदांनी स्क्रीनवर एक तरुण माणूस आला. स्वच्छ कपाळ, दाट पापण्या, किंचित हसरा, दात एका ओळीत. इतका जिवंत की मी नकळत पदर सारखा केला.

भाऊजी आणि ती बाई एकदमच दारात आले. बाई पुढे होती. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि पिशवी खाली टाकली. मग वळून भाऊजींचे दोन्ही हात धरले.

"भाऊ, हे तुम्ही केलंत? आला हो. आला माझा."

भाऊजींनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना त्याच क्षणी सांगता आलं असतं की बाई, हा अंदाज आहे, हा तुमचा मुलगा नाही. पण ती त्यांचे हात सोडेना, रडता रडता हसत होती, आणि मला वाटतं सहा दिवसांत पहिल्यांदाच हसत होती. नियमाचा माणूस तिथे हरला.

निदान दात तरी खरा करू, म्हणून ते खुर्चीवर बसले. "बाई, पुढचा दात अर्धा होता ना? तेवढा करतो."

तिने स्क्रीनकडे बघत मान हलवली. "नको. राहू दे असाच. त्याला त्या दाताची फार लाज वाटायची. कुठे भिंतीवर बघेल स्वतःला, तर बरं वाटेल त्याला. घरी येईल."

"पण लोकांना ओळखायला..."

"राहू दे ना भाऊ."

त्यांनी राहू दिला. चेहरा इतका सुंदर झाला होता की तिला तो मोठा हवा होता, अजून मोठा. त्याने कागद जवळजवळ भरला. मनगटावरचा डाग, पाय ओढणं, उंची, सगळं शेवटच्या एका ओळीत बारीक अक्षरांत मी बसवलं. तुटक्या दाताबद्दल मी लिहिलंच नाही, वर दात दिसत असताना खाली ते कसं लिहिणार? साठ पोस्टर छापले. मशीनमधून एकेक चेहरा बाहेर सरकत होता आणि मला माझ्या कामाचं कौतुक वाटत होतं, हेही सांगून टाकते.

दोन दिवसांत तो गावभर झाला. बसथांब्यांवर, दवाखान्यांच्या भिंतींवर, बाजाराच्या कमानीखाली. आणि फोन यायला लागले. एकाने त्याला बाजारात बघितलं, एकाने स्टेशनवर. एक जण म्हणाला, तो माझ्याशेजारी बाकावर तासभर बसला होता, बोलायला फार गोड माणूस. मावशी प्रत्येक ठिकाणी धावत गेली. महिन्याभरात अकरा जणांनी त्याला बघितलं. भाऊजी प्रत्येक फोनची हकिकत तिच्याकडून ऐकून घ्यायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा ती गेल्यावर ते मला म्हणाले, "जो माणूस नाही तो अकरा जणांना दिसतो. मग जो आहे त्याच्याकडे कोण बघतंय?"

मी म्हटलं, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. पण माझंही धड नव्हतं. घरी जायच्या वाटेवर वळणावर एक पोस्टर होता. सकाळी जाताना तो समोरून दिसायचा, संध्याकाळी येताना पाठीमागे राहायचा, आणि संध्याकाळीच त्याची नजर जास्त जाणवायची. तो मला ओळखतो, असं वाटायचं. जगात त्याला जन्माला घालणारी मीच होते, तेव्हा ओळखला तर नवल नाही. मी मागच्या गल्लीने जायला लागले. ताईने विचारलं तर सांगितलं, तिकडे सावली असते.

दुकानात त्याच चेहऱ्याची चाचणीची पट्टी समोरच्या भिंतीला तशीच होती. भाऊजींनी ती एकदा उतरवली, गुंडाळली, परत लावली. म्हणाले, गुंडाळलेला जास्त त्रास देतो. ते स्क्रीनपुढे त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे आणि मधूनच कुणी हाक मारल्यासारखे मागे वळायचे.

मावशी दर आठवड्याला यायची. पोस्टर उन्हाने फिके पडायचे, तिला नवे हवे असायचे. एकदा माझ्यापाशी बसून ती म्हणाली, "पोरी, आधी डोळे मिटले की तो मला कसाही दिसायचा, जेवताना, झोपलेला, चिडलेला. आता डोळे मिटले तरी हाच दिसतो. असाच हसताना." तिला ते चांगलंच वाटत होतं. मी मशीन सुरू केलं, म्हणजे आणखी बोलायला नको.

तिसऱ्या महिन्यात मोठ्या सरकारी दवाखान्याचं काम आलं. तिथले बेवारस मृत, ज्यांची ओळख पटलेली नाही, त्यांचे चेहरे एका पत्रकावर छापून चौक्यांवर लावायचे होते. सहा जण होते. दवाखान्याचे फोटो चांगल्या कॅमेऱ्याचे, मोठे, एकेक केस मोजावा इतके स्पष्ट. भाऊजींना आयुष्यभर ज्या फोटोंची आस होती तसे, आणि ते असे आले. या वेळी त्यांना उलटं करायचं होतं. मोठे फोटो लहान करून सहा चौकटींत बसवायचे. पाचवा चेहरा त्यांनी लहान केला आणि जास्तच लहान झाला, नखाएवढा. मला मशीनपाशी त्यांच्या खुर्चीचा आवाज आला. ते उभे राहिले होते.

त्यांनी मला हाक मारली नाही. सहलीचा तो जुना फोटो काढला, मागच्या रांगेतला तिसरा चेहरा कापून स्क्रीनवर ठेवला. शेजारी पाचवा चेहरा एकतीस ठिपक्यांचा होईपर्यंत लहान केला. मी मागे जाऊन उभी राहिले. दोन काळपट डाग भुवयांच्या जागी, डावीकडचा जरा वर. नाकाची सावली एका बाजूला. हनुवटीचा तोच चौकोनी शेवट. मोठं करताना अंदाज करावा लागतो, लहान करताना अंदाज लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. त्या वॉर्डच्या सिस्टर भेटल्या. त्यांना पाचवा चेहरा दाखवताच आठवला. मोठ्या रस्त्यावर गाडीने उडवलं होतं, खिशात काही नव्हतं. एकोणीस दिवस होता. डोक्याला मार, वाचा गेलेली.

"बोलता येत नव्हतं," सिस्टर म्हणाल्या, "पण दारात कुणी आलं की बघायचा."

"पुढचा दात?" भाऊजींनी विचारलं.

"अर्धा तुटलेला."

"उजव्या मनगटावर?"

"जुना भाजल्याचा डाग. इस्त्रीचा असावा." मग त्या थांबल्या. "तुम्ही त्याचे कोण?"

भाऊजींनी खिडकीतून खाली फाटकाकडे बोट केलं. फाटकाशेजारच्या भिंतीवर आमचा पोस्टर होता, अजूनही. खालची बारीक ओळ सायकलींच्या मागे गेली होती.

"तो?" सिस्टर म्हणाल्या. "तो तर मी रोज येता-जाता बघत होते. तो मुलगा वेगळा हो. त्याचे दात बघा कसे ओळीने आहेत. मला वाटायचं, एवढ्या देखण्या पोराला कोण बिचारी शोधतेय."

तिथल्या कारकुनाने नोंदवही काढली. ठरलेले दिवस वाट बघून दवाखान्यानेच त्याचं शेवटचं उरकलं होतं. आणि त्याच्याही आधी, तो गेल्यावर चौथ्या दिवशी, एक बाई पोस्टर हातात घेऊन आली होती. तिला याचा फोटो दाखवला होता. तिने पोस्टरकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, नाही, हा आमचा नाही. कारकुनाने पुढचं पान उलटायच्या आत ती निघूनही गेली होती. खुणा पुढच्या पानावर होत्या.

परतताना भाऊजी वाटेत एका पायरीवर बसले. मी पाणी आणून दिलं. मी त्यांना म्हटलं, "तिला सांगू नका. तिच्याकडे निदान आशा तरी आहे. सांगून काय परत मिळणार आहे?"

"आशा नाही ती," भाऊजी म्हणाले. "ती आपल्या खोट्याला शोधतेय. मरेपर्यंत शोधेल. आणि तो तिकडे बेवारस म्हणून लिहिलेला."

‘आपल्या’ म्हणाले. ‘तुझ्या’ म्हणाले असते तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर कदाचित सगळं ओकूनही मोकळी झाले असते.

त्यांनी मावशीला दुपारी बोलावून घेतलं. ती नवे पोस्टर घ्यायला आल्यासारखी रिकामी पिशवी घेऊन आली. भाऊजींनी तिला शेजारी बसवलं आणि दवाखान्याचा फोटो स्क्रीनवर आणला, पूर्ण मोठा. मी मशीनपाशी होते, मशीन बंद होतं.

"हा मी बघितलाय," ती शांतपणे म्हणाली. "हा नाही, भाऊ. मी त्यांना तेव्हाच सांगितलं."

"बाई, नुसतं बघत राहा. काही बोलू नका."

त्यांनी फोटो लहान करायला सुरुवात केली. त्यांच्या नेहमीच्या रीतीने, थोडा थोडा, मध्ये थांबत. कपाळावरची जखम गेली. मिटलेल्या पापण्या गेल्या. ओठांचा निळेपणा गेला. चेहरा तळहाताएवढा झाला, मग बटणाएवढा. मावशीने आधी मान पुढे काढली होती, आता ती हळूहळू मागे टेकली. भाऊजी थांबले. शेजारी सहलीतला चेहरा ठेवायची गरजच पडली नाही.

"मी खिडकीत कामाला बसते ना," ती म्हणाली. "कोपऱ्यावरून वळला की एवढाच दिसतो. एवढाच. मी सुई टोचून ठेवते आणि उठून कुकर लावते."

तिने विचारलं, कधी? भाऊजींनी सगळं सांगितलं. एकोणीस दिवस, दात, डाग, दवाखान्याने उरकलेलं शेवटचं. काहीही लपवलं नाही. ‘दारात कुणी आलं की बघायचा’ हे फक्त सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानेन. ती रडली नाही. मान वळवून तिने समोरच्या भिंतीवरच्या पट्टीकडे बघितलं.

"मग हा कोण?"

"कुणी नाही, बाई."

"असं कसं? मी याच्याशी रोज बोलते."

"कुणीच नाही. यंत्राने काढलेला आहे."

ती उठली. पट्टीपाशी गेली आणि अगदी जवळून, वीतभर अंतरावरून, त्या दातांकडे बघत राहिली.

"याच्यापायी," ती म्हणाली, "मी माझ्या लेकाला नाही म्हटलं. तो समोर होता आणि मी म्हटलं, हा आमचा नाही."

"तुम्ही नाही म्हटलं," भाऊजी म्हणाले. "मी म्हणायला लावलं. हा चेहरा मी केला. करायला नको होता, मला कळत होतं, तरी केला."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मी तीन पावलांवर उभी होते. हा मी केला, त्यांनी नाही, ते तर नको म्हणत होते, एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडात आलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, म्हणजे मला बोलायची भीड वाटू नये आणि न बोलायचीही. मी मूग गिळून उभी राहिले. तिने पिशवी उचलली आणि गेली.

त्यानंतर भाऊजी दोन दिवस पत्र्याचा तुकडा आणि पाण्याची बादली घेऊन गावभर फिरले आणि सगळे पोस्टर खरवडून काढले. दवाखान्याच्या वहीत त्या मुलाचं नाव चढेपर्यंत अकरा खेटे घातले. पट्टी उतरवून तिचं काय केलं ते मी विचारलं नाही. माणसाचा चेहरा त्यांनी पुन्हा कधी मोठा केला नाही. आता ते फक्त अक्षरं करतात, दुकानांच्या पाट्या, बंद-चालूचे फलक. बाजार म्हणतो, ठिपके म्हातारे झाले, हात गेला त्यांचा. मी ऐकून घेते.

मावशी रस्त्यात दिसते. भाऊजी समोरून आले तर ती पलीकडच्या बाजूला जाते, मान फिरवते. एकदा ताई बरोबर होती, ताईला ते फार लागलं. ती म्हणाली, यांनी एवढं केलं त्या बाईसाठी आणि ही बघतसुद्धा नाही. भाऊजी म्हणाले, बघायला नकोच तिने. माझ्याजवळ मात्र ती थांबते. सुया टोचलेल्या बोटांनी माझा हात धरते आणि विचारते, "बरी आहेस ना पोरी? तू तरी त्या वेळी जवळ होतीस." आणि मी म्हणते, बरी आहे मावशी.